चार नंबरची पिशवी

सोलापुरात ‘पाणी भरलं का’ असं कुणीही कुणालाही विचारतं. नळाला चार-पाच दिवसांआड पाणी, त्यामुळं ‘जेवलात का’च्या आधी तो प्रश्न. पण आमचे मालक तो विचारायचे तेव्हा त्यांच्या डोळ्यांपुढं नळ नसायचा. हल्ला असायचा. अतिरेक्यांचा हल्ला. आज नाही तर उद्या, सोलापुरात नाही तर तुम्ही ज्या गावाला लग्नाला निघालात तिथं.

“निम्मी तयारी आपली आदीच हाय की ओ,” ते म्हणायचे. “बाकीच्या शेरातली मान्सं एक दिस पानी न्हाय आलं तर रडाय लागत्यात. आपल्या बायकांकडं पाच दिसांचा साठा कायम. ऱ्हायली निम्मी. ती मी शिकवतो.”

मालक म्हणजे आमचे घरमालक. सगळे भाडेकरू त्यांना नुसतं मालक म्हणायचे. एका अंगणाभोवती पत्र्याच्या सहा खोल्या. पहिल्या खोलीत ते एकटे, बाकी पाचांत आम्ही. गळ्यात दोन वस्तू कायम. एक शिट्टी, आणि एक ओळखपत्र. पोलिसांना मदत करणाऱ्या नागरिकांना मिळतं तसलं, फोटो चिकटवलेलं, निळ्या फितीचं. अंघोळीला बसतानाही ते पाठीवर सरकवायचे, काढायचे नाहीत. गल्लीतली पोरं त्यांना शिट्टीमालक म्हणायची. मीही म्हणायचो, फक्त आईसमोर नाही.

मी चार नंबरच्या खोलीत. मंगळवेढ्याकडच्या खेड्यातून आलेलो, आमच्या भावकीत पंधरावी झालेला पहिला माणूस. तेव्हा हे कुणी विचारलं नाही तरी मी सांगायचो. आई गुडघ्याच्या औषधपाण्यासाठी येऊन राहिली होती ती राहिलीच. तिला मालक पहिल्या दिवसापासून पटले. मला ते पहिल्या दिवसापासून अडाणी वाटले. सातवीपर्यंत शिकलेला माणूस मला सुरक्षेवर भाषण देतो, हेच मला सहन व्हायचं नाही.

त्यांच्याकडं पायानं चालवायचं शिलाई मशीन होतं. चादरीच्या कारखान्यांतून उरलेले तुकडे आणून ते पिशव्या शिवायचे. जाड, दोन बंदांच्या, अंगावर सोलापुरी चादरीची नक्षी अर्धीमुर्धी आलेली. एकेका खोलीला एकेक पिशवी, आतल्या बाजूला लाल दोऱ्यानं खोलीचा नंबर. ती दाराच्या आतल्या खिळ्याला लटकवायची. तिच्यात पाण्याची बाटली, टॉर्च, शिट्टी, आधार आणि रेशन कार्डाची झेरॉक्स, घरातल्यांच्या गोळ्या, धुतलेल्या जुन्या धोतराच्या घड्या आणि एक लहान रेडिओ. आवाज नीट यावा म्हणून प्रत्येक रेडिओला त्यांनी हातभर लांब तांब्याची तार जोडून गुंडाळून ठेवली होती. खायला कडक भाकरी आणि शेंगाची चटणी.

“मैनाभर नासत न्हाय, शिजवाय लागत न्हाय, दात असले म्हंजे झालं,” कडक भाकरी टिचकीनं वाजवून ते म्हणायचे. “ह्ये असलं खानं मिल्ट्रीकडं बी नसंल.”

पिशवीत प्लॅस्टिकमध्ये घातलेला एक कागदही असायचा. त्यावर दोनच गोष्टी. भेटायची जागा, आणि बाहेरगावचा माणूस. फोन लागेनासे झाले, घरचे चार दिशांना पांगले, तर सगळ्यांनी एकाच ठिकाणी यायचं. आमची जागा पिठाच्या गिरणीमागचं कडुलिंबाचं झाड. आणि गावातले फोन लागत नसले तरी बाहेरगावी कधीकधी लागतो, म्हणून लांबचा एक माणूस ठरवायचा. प्रत्येकानं त्याला ‘मी बरा हाय’ एवढंच कळवायचं. तो माणूस ठरवताना मालकांची एक अट होती. त्याला विचारल्याशिवाय त्याचं नाव लिहायचं नाही.

“न विचारता कुनाच्या डोक्यावर वझं ठिवायचं न्हाय,” म्हणायचे.

मी कुणालाच विचारलं नाही. टाळाटाळ करत राहिलो. शेवटी मालकांनी आपल्या मंद्रूपच्या बहिणीला विचारून तिचा नंबर माझ्या कागदावर स्वतः लिहिला. आई शाळेत गेलेली नाही. तिनं तो नंबर ओव्या पाठ करतात तसा तीन तुकड्यांत पाठ केला आणि भाकरी थापताना थापेच्या तालावर म्हणायला लागली. मला ते ऐकून लाज वाटायची. लाज वाटण्यासारखं पुढं कायकाय आहे हे तेव्हा माहीत नव्हतं.

दर रविवारी सकाळी नऊला कवायत. मालक अंगणात उभे राहून तीन लांब शिट्ट्या मारायचे. सगळ्यांनी गॅस बंद करून, पिशवी काखेला मारून लिंबाखाली जायचं. घड्याळ लावून ते मोजायचे.

“क्या मालिक, इतवार को बी सोने देते नै क्या?” दोन नंबरच्या चाची ओरडायच्या. त्यांचे मिस्टर शिंपी. चाची तोंडानं शिव्या देत सगळ्यांच्या आधी झाडाखाली पोचायच्या.

झाडाखाली मालकांचा पाठ चालायचा. “गोळीबार झाला तर आदी पळा. पळता येत न्हाय? दार लावा, काय जड असंल ती दाराला लावा, मोबाईल मुका करा आन गप बसा. जीव वाचला की मग पोलिसाला फोन. व्हिडिओ काढाय थांबला त्यो गेला. रगत यायलंय तर धोतराची घडी दाबून धरायची. थांबलं का म्हून बगाय उचलायची न्हाय. काय ओ, चार नंबर? उचलायची का?”

“नाही,” मी म्हणायचो, दुसरीकडं बघत.

“आन मान्सांची तोंडं बगत फिरायचं न्हाय. वस्तू बगायची. बेवारस वस्तू दिसली की हात लावायचा न्हाय, लांब व्हायचं, पोलिसाला सांगायचं. तोंडावर काय लिवलेलं नसतंय.”

याच्यावर मी एकदा त्यांना कात्रीत पकडायला गेलो होतो. चाचींकडं दोन दिवस बरीच नवी माणसं येत होती. मी मालकांना म्हटलं, “एवढे सावध राहता, तर दोन नंबरकडं कोण येतं-जातं ते बघा की जरा.”

ते मशीनवर होते. पाय थांबवला नाही. “बगितलं. पोरीच्या साखरपुड्याचं पावनं हायत. तुमाला बी जेवाय बोलवायचंय म्हनत हुती चाची. जानार का?”

मी गेलो नाही. आई जाऊन आली.

त्यांना हे खूळ कुठून लागलं ते त्यांनीच एकदा आईला सांगितलं, मी आतून ऐकलं. तरुणपणी ते एका मोठ्या शहरात दुकानांच्या इमारतीवर वॉचमन होते. शहराचं नाव ते कधी घेत नसत, ‘तिकडं’ म्हणायचे. तिकडं एका संध्याकाळी स्फोट झाला. मालकांना खरचटलंही नाही. ते जखमींना टेम्पोत घालून दवाखान्यात नेत राहिले, घरी कळवायचं सुचलं नाही आणि सुचलं तेव्हा फोन लागेना. त्यांची बायको तीन दवाखाने फिरली आणि मग जिथं मृतदेह ठेवले होते तिथं गेली. एकेक चादर वर करून बघितली. दुसऱ्या दिवशी दुपारी ती घरी आली तर हे उंबऱ्यावर बसलेले.

“मी जिता हुतो ओ आक्का,” ते आईला म्हणाले, “आन ती मला मढ्यात हुडकत हुती. त्याच्यानंतर मी दुपारचा जरी आडवा झालो तरी येऊन तोंडावरची चादर वर करायची. मरंपर्यंत. येक जागा ठरलेली असती तर? येक मानूस ठरलेला असता तर?”

हे ऐकूनही मी बाहेर आल्यावर हसू दाबलं. त्याच दिवसांत माझी लिपिक म्हणून निवड झाली होती. नेमणुकीआधी पोलिसांकडून चारित्र्याची चौकशी असते. हवालदार येऊन मालकांना माझ्याबद्दल विचारून गेले. मालक म्हणाले होते, “सोन्यासारका मानूस. निस्ता कवायतीला उशिरा येतो, ती बी लिवून घ्या.” कागद अजून चौकीतच होते.

आणि निवड झाली म्हणून मला बघायला मुलीचे मामा आणि वडील आले. रविवारी. मी त्यांना अकराची वेळ दिली होती, ते साडेआठला आले. पोह्यांच्या बशा हातात होत्या आणि बाहेर तीन शिट्ट्या झाल्या. मी डोळ्यांनी आईला ‘बस’ म्हणून खुणावत होतो. आई गुडघे धरत उठली, गॅस बंद केला, खिळ्यावरची पिशवी काखेला मारली आणि पाहुण्यांना म्हणाली, “चला की ओ, तुमी बी चला. लिंबापतूर जायाचं.”

मामा दारात उभे राहून सगळं बघत होते. चाची शिव्या देत पळतायत, माझी आई लंगडत जातेय, मालक घड्याळ बघतायत. परत आल्यावर मामांनी हसत हसत पिशवी उघडून बघितली. कडक भाकरी बाहेर काढून वाजवली. “इथं भाडं देऊन ऱ्हाता का तिकीट काढून? सर्कस हाय की राव.” मुलीचे वडील हसले नाहीत, पण ‘कळवतो’ म्हणून गेले. ते ‘कळवतो’ मला चांगलं कळलं.

त्याच दिवशी संध्याकाळी आई देवळात गेल्यावर मी पिशवी खिळ्यावरून काढली आणि आतली आमच्या कार्डांची झेरॉक्स तेवढी काढून घेतली. घंटागाडीत टाकली असती तर अख्ख्या अंगणानं बघितली असती. आणि भाकरी कचऱ्यात टाकायला हात होईना. ज्वारीच्या घरात वाढलोय, तेवढं अंगात होतं. म्हणून मी शहाणपणा केला. रिक्षानं नवी पेठेत गेलो आणि एका कापड दुकानाच्या पायरीशेजारी पिशवी ठेवली. कुणा गरजूला मिळेल, अन्न मुखी लागेल. असं मी स्वतःला सांगितलं, आणि पुढं जाऊन शर्टाचं कापड बघत बसलो.

पंधरा-वीस मिनिटं झाली असतील. बाहेर आवाज वाढला. “पिशवी! बेवारस पिशवी! वायर हाय आत!” कुणीतरी बंद सैल करून डोकावलं होतं आणि त्याला रेडिओ आणि तांब्याची तार दिसली होती. सणाचे दिवस, रस्त्यावर पाय ठेवायला जागा नाही. माणसं एकदम उलटी फिरली. शटरं धडाधड खाली आली. माझ्या डोळ्यांसमोर बांगड्या घ्यायला आलेली एक म्हातारी गर्दीत खाली पडली आणि हात धरून ओरडायला लागली.

मीही पळालो. माझ्याच पिशवीपासून मी पळालो.

पोलीस आले, दोरी बांधली, दोन्ही बाजूंनी रस्ता बंद केला. कुत्रं घेऊन पथक आलं. मी दोरीच्या बाहेर गर्दीत उभा होतो. पुढं होऊन ‘माझी आहे’ एवढंच म्हणायचं होतं. दोन शब्द. पंधरावी झालेल्या माणसाला जड जाऊ नयेत. पण चौकीतले कागद डोळ्यांपुढं आले, नेमणुकीचं पत्र आलं, मामांचं हसणं आलं. शेजारचा माणूस म्हणाला, “ज्यानं ठेवलीय त्याला उलटा टांगाय पायजे.” मी म्हणालो, “हो ना.” खरंच म्हणालो.

पथकानं पिशवी उघडली तेव्हा आतून भाकरी निघाल्या. लोक हसले. मी घरी आलो. आईनं विचारलं, “आपली पिशवी कुटं हाय रं?” मी सांगितलं, “मालकांनी भाकरी बदलायला नेली.”

दुसऱ्या दिवशी सकाळी फौजदार आणि दोन शिपाई अंगणात. शोध लागायला वेळ लागला नव्हता. पिशवीतल्या कागदावर बाहेरगावच्या माणसाचा नंबर होता, पोलिसांनी तो लावला, आणि मंद्रूपच्या बहिणीनं भाबडेपणानं सांगितलं, “व्हय, आमच्या दादानंच शिवलीय. समदी बरी हायत न्हवं?” मालकांची व्यवस्था अगदी त्यांनी सांगितली तशीच चालली होती.

फौजदारानं पिशवी उलटी करून लाल दोऱ्याचा आकडा दाखवला. “हा चार नंबर कुणाचा?”

सगळे दारात उभे. चाची, त्यांचे मिस्टर, बाकीचे. आई माझ्या मागं. प्रत्येक दाराच्या आतल्या खिळ्याला पिशवी लटकत होती, आमचा खिळा मोकळा. मालकांनी एकदा आमच्या दाराकडं बघितलं. एकदाच. मग पुढं आले.

“माझाच सायेब. समदे नंबर माझेच हायत. मीच शिवली, मीच इसरलो पेठंत.”

“तुम्ही? लोकांना बेवारस वस्तूंचं शिकवता आणि तुम्हीच?”

“म्हातारा झालो सायेब. इसरतंय.”

मला वाटलं, आता बोलावं. तोंड उघडलंही असेल. मागून आईनं माझ्या शर्टाला धरलं होतं, ती मला पुढं ढकलत होती का मागं ओढत होती ते मला आजही सांगता येत नाही. मी ते कधी विचारलं नाही. विचारलं असतं तर उत्तर आलं असतं.

मालकांना दिवसभर चौकीत बसवलं. संध्याकाळी ते चालत परत आले तेव्हा गळ्यात शिट्टी होती, ओळखपत्र नव्हतं. ते काढून घेतलं होतं. इतक्या वर्षांच्या फितीखाली मानेवर एक फिकट पट्टा राहिला होता. ते आता पंच्यानं मान झाकून बसायला लागले. त्या म्हातारीचं मनगट मोडलं होतं. मालकांनी तिचं घर शोधून काढलं आणि हात गळ्यात होता तोवर एक दिवसाआड जाऊन तिची भाजी आणून दिली, दळण आणून दिलं. “माजी चूक हाय,” म्हणून तिला सांगितलं. हे मला चाचींकडून कळलं. चाची म्हणाल्या, “मालिक बोले मैं भूल्या. मालिक कबी कुच भूल्ते क्या, तुमीच बोलो?” आणि माझ्याकडं बघत राहिल्या. मी पाणी भरायचंय म्हणून आत गेलो.

कवायत बंद झाली. पोरं मालकांच्या मागून शिट्ट्या मारायची, ते वळून बघत नसत.

आठवड्याभरानं सकाळी दार उघडलं तर कडीला नवी पिशवी अडकवलेली. तीच नक्षी, आत लाल दोऱ्यानं चार. टॉर्च, गोळ्या, धोतराच्या घड्या, ताज्या कडक भाकरी. रेडिओला यावेळी तार नव्हती. आईनं पिशवी खिळ्याला लावली. माझ्याकडं न बघता म्हणाली, “पंधरावी झालास. लई शिकलास.”

नेमणुकीचं पत्र आलं. चारित्र्य चांगलं असल्याचा कागदही आला. मी खोली सोडली. निघताना मालकांच्या पाया पडलो, तेही आईनं सांगितलं म्हणून. ते म्हणाले, “नव्या घरात जागा ठरवा आदी.” बाकी काही नाही. पुढं डोळे अधू झाल्यावर ते खोल्या विकून मंद्रूपला बहिणीकडं गेले असं कळलं. मंद्रूप सोलापुरापासून एसटीनं तासाभराचं. मी एकदाही गेलो नाही.

आता मी कार्यालयात वरच्या खुर्चीवर आहे. मध्यंतरी आमच्याकडं हल्ल्याच्या वेळी काय करायचं याची रंगीत तालीम झाली आणि ‘कुटुंबाची पूर्वतयारी’ या विषयावर मला बोलायला सांगितलं. मी अर्धा तास बोललो. आधी पळा, जमत नसेल तर दार लावून शांत बसा. भेटीची जागा ठरवा, बाहेरगावचा माणूस ठरवा. चेहरे बघू नका, वस्तू बघा. घडी दाबून धरा, उचलून बघू नका. टाळ्या पडल्या. साहेब म्हणाले, “फार मुद्देसूद. कुठं प्रशिक्षण घेतलं?”

मी म्हणालो, “वाचनातून, सर.”

तोंडातून निघालं आणि मला ती दोरी दिसली, दोरीबाहेर उभा असलेला मी दिसलो. इतकी वर्षं गेली तरी मी तिथनं हललेलो नव्हतो.

घरी आलो. माझ्या पोरीनं आजीला विचारून शाळेसाठी तक्ता केला होता: भेटायची जागा, बाहेरगावचा माणूस. दुसरी ओळ कोरी. “पप्पा, कुणाचं लिहू?” आई पलीकडं बाजेवर बसलेली. तिनं मान हलवत तो नंबर म्हटला, तीन तुकड्यांत, भाकरीच्या तालावर. एकही आकडा चुकला नाही.

“लिहू?” पोरीनं विचारलं.

“थांब,” मी म्हणालो. “विचारल्याशिवाय लिहायचं नसतं.”

मी नंबर लावला. बऱ्याच वेळानं उचलला गेला. आवाज थकलेला, पण तोच.

“कोन?”

नाव सांगणार होतो, पण माझं नाव त्यांनी कधी घेतलंच नव्हतं.

“मालक,” मी म्हणालो, “चार नंबर माझा.”

पलीकडं मागं कुणीतरी कन्नडमध्ये कुणाला तरी हाक मारत होतं.

“म्हाईत हाय की ओ,” मालक म्हणाले. “आक्कांचं गुडगं कसं हायत? पानी भरलं का?”